तलतचा कंप आणि तुमचा कंप

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. वय 54, नोकरीतून लवकर मोकळे झालेत, दोन वर्षांपासून कराओकेच्या ग्रुपमध्ये गातात. ठाण्यातल्या हौशी गायकांच्या एका स्पर्धेत त्यांनी 'फिर वही शाम' म्हटलं. परीक्षकांनी दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला, 'आवाज थरथरतो.' त्यावर त्यांचा प्रश्न असा: 'थरथरायचा तर तलत महमूदचाही आवाज! त्याला पद्मभूषण आणि मला चार गुण? हा कंप मी घालवायचा की जपायचा? आणि एवढा मोठा गायक साठ सालानंतर मागे का पडला, तेही सांगा.'

चार गुण बरोबर होते का, हे तुम्हाला ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. पण 'आवाज थरथरतो' एवढंच लिहून थांबणाऱ्या परीक्षकाने अर्धंच काम केलं. कुठे थरथरतो, कधी थरथरतो, आणि थरथरताना स्वर जागेवर राहतो की नाही, हे सांगायला हवं होतं. सगळी गोम त्यातच आहे.

तलतला मी तलतच म्हणणार. लताला लता म्हणतो, आशाला आशा, त्याच हक्काने. समोर असते तर तलतसाहेब म्हटलं असतं आणि पुढे तोंडातून शब्द फुटला नसता.

आधी माझी फजिती सांगतो. नौपाड्यात गाणं शिकवायला लागून मला एकतीस वर्षं झाली, पण ही त्याच्याही आधीची गोष्ट. आमच्या वडिलांची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुनी गाणी लागायची, ती संपली की वडील डबा उचलून निघायचे. त्या गाण्यांतून तलत कानात बसला. मी विशीत होतो, गळा बरा होता, आणि मला वाटलं की तलत म्हणजे थरथर. ती मी आरशासमोर उभा राहून घोटली. एका कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर 'जलते हैं जिसके लिए' म्हटलं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज हलवला. बायकांनी वाहवा केली. कोपऱ्यात आमचे गुरुजी मसाला दूध पीत बसले होते. ते जवळ येऊन म्हणाले, 'थंडी वाजतेय का रे?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तानपुऱ्यापुढे बसवलं आणि महिनाभर फक्त षड्ज, म्हणजे सा, लावायला लावला. थरथर करायची मनाई नव्हती. अट एकच, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांचा जो सूर, त्याबाहेर षड्ज जाता कामा नये. तेव्हा कळलं की मी घोटलेली थरथर म्हणजे स्वर वरखाली होणं होतं. दर हेलकाव्याला मी पाव सुराने खाली घसरत होतो. तलत घसरत नाही. मासुंद्यावर वारा आला की पाण्यावर शहारा उठतो, तलाव काही जागचा हलत नाही. तसं आहे ते.

हे त्याला कुठून आलं? 24 फेब्रुवारी 1924 ला लखनौत जन्म. घर जुन्या वळणाचं, मुलाने गाण्यात पडावं हे घरात कुणाला रुचणारं नव्हतं. तरी तो मॅरिस संगीत कॉलेजात शिकला. ही संस्था 1926 मध्ये उभी राहिली ती आपल्या पं. विष्णू नारायण भातखंड्यांच्या प्रयत्नांतून. तिथे तलतला पं. एस. सी. आर. भट यांची तालीम मिळाली. लोक तलतची मखमल सांगतात, ही तालीम सांगत नाहीत. ज्याने त्या शिस्तीत राग-स्वर घोटलेत त्याच्या गळ्यात स्वराची जागा पक्की असते, मग वर काय तरंगायचं ते तरंगू दे.

1939 मध्ये, म्हणजे वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, तो लखनौ रेडिओवर गाऊ लागला. काय गायचा? मीर, दाग, जिगर हे शायर. सिनेमाची गाणी नव्हेत, गझला. तलत आधी गझल गायक होता आणि मग पार्श्वगायक झाला. पुढचं सगळं या क्रमातून निघतं. 1941 मध्ये एचएमव्हीने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. 1944 मध्ये 'तसवीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी' आलं आणि तो घराघरात पोचला. शब्द फैयाज हाशमींचे, चाल कमल दासगुप्तांची. सिनेमा नाही, हिरो नाही, नुसती तबकडी. पुढे कलकत्त्याला गेला, तिथे 'तपनकुमार' या नावाने बंगाली गाणी गायला, दोन-तीन चित्रपटांत कामंही केली. 1949 मध्ये मुंबईत आला.

आणि मुंबईत त्याच्याबद्दल तुमच्यासारखीच कुजबुज झाली. याचा आवाज कापतो म्हणे, माइकसमोर घाबरतो म्हणे. तलतने ते मनावर घेतलं. संगीतकार अनिल विश्वासांकडे 'आरज़ू'चं गाणं होतं. तालमीला तलत कंप दाबून, अगदी सपाट गायला लागला. अनिलदांना कळेना. ज्या आवाजासाठी याला बोलावलं तो गेला कुठे? त्यांनी त्याला थांबवलं आणि मला तीच थरथर हवी आहे असं बजावलं. 1950 मध्ये 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल' आलं. पुढची कुजबुज बंद.

हा किस्सा सगळे सांगतात आणि त्यातून 'आपला दोष हेच आपलं वैशिष्ट्य' असलं काहीतरी काढतात. मला त्यात वेगळं दिसतं. तलतला कंप दाबता येत होता. हवा तेव्हा सपाट गाता येत होतं. ज्याला थांबवता येतो त्याचाच तो अलंकार. तुम्हाला तुमचा थांबवता येतो का? पहिली परीक्षा ही.

घरी करून बघा. मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही फुकटचं ॲप घ्या, सुई दाखवणारं. तानपुरा लावा, तुमच्या पट्टीत. बहुतेक पुरुषांचा सा पेटीवरच्या काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, तुमचा तुम्ही शोधा. मग अर्ध्या आवाजात 'आ'काराने षड्ज लावा आणि श्वास पुरेल तोवर धरा. सुईकडे बघू नका, घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा, स्वतः बघितलं की माणूस सुईच्या मागे धावतो. सुरुवातीचे सात-आठ सेकंद सुई स्थिर आणि मग हलायला लागली, तर तुमचा कंप म्हणजे दमसासाची कमी. शिल्लक श्वास संपत आला की पोट सुटतं आणि गळा बिचारा धरून ठेवायला धडपडतो. कराओकेवाल्या मंडळींत दहांतल्या सात-आठ जणांचं हेच असतं, कारण ट्रॅक थांबत नाही, श्वास कुठे घ्यायचा हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि दोन ओळी एका दमात ओढायची हौस असते.

सुई पहिल्यापासून हलत असेल, तर हनुवटीखाली दोन बोटं मऊ टेकवा आणि पुन्हा लावा. बोटांना धडधड जाणवली तर जबडा आणि जिभेचं मूळ आवळलंय. हा कंप ताणाचा. जबडा सैल सोडून, 'आ'ऐवजी 'ला ला' करत दोन-तीन महिने गेलात तर बहुधा जातो. आणि बोटंही शांत, सुईही मध्यावर, तरी आवाजाला एक बारीक झिरमिर आहे असं ऐकणारा म्हणाला, तर साहेब, तुम्ही नशीबवान. त्याला हात लावू नका.

एक सांगायलाच हवं. थरथर गेल्या वर्ष-दोन वर्षांतली असेल आणि बोलतानाही येत असेल, फोनवर लोक 'बरं नाही का?' विचारत असतील, तर ते गाण्याच्या मास्तरचं काम नव्हे. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तलतचा कंप नेमका कसला, ते थोडं जवळून बघू. पाश्चात्त्य गायकाच्या व्हायब्रेटोत सेकंदाला साधारण 5 ते 7 हेलकावे असतात आणि तो मुद्दाम कमावलेला असतो, भरदार. आपल्याकडचं आंदोलन, म्हणजे स्वराला दिलेला झोका, फार संथ, दरबारी रागातल्या गंधारासारखं. गमक तर छातीतून येते, जोर लावून. तलतचं यातलं काहीच नाही. तो आवाज मुळात हलक्या वजनाचा आहे, आणि लांबवलेल्या स्वराच्या कडेला, सोडता सोडता, तो किंचित कापतो. शब्दाच्या पोटात कापत नाही. व्यंजन स्वच्छ पडतं, स्वर धरला जातो, आणि मग कड हलते. माझ्यासारखे नकलाकार पहिल्या अक्षरापासून हलवायला लागतात, तिथेच सोंग उघडं पडतं.

याचा सगळ्यात सोपा पुरावा 'दाग' मध्ये आहे. 1952 चा चित्रपट, शंकर-जयकिशनचं संगीत. 'ऐ मेरे दिल कहीं और चल' तलतने त्यात दोनदा गायलंय, एकदा चालत्या लयीत आणि एकदा संथ. चाल तीच, गळा तोच. लागोपाठ ऐका. चालत्या लयीत कंपाला जागाच नाही, तो जवळजवळ गप्प बसलाय. संथ गाण्यात जागा मिळाली की हळूच बाहेर येतो. गाण्याला हवा तेवढाच. वर्गात मी हे दोन्ही लावतो आणि पोरांना डोळे मिटून फक्त ओळींची शेवटची अक्षरं ऐकायला सांगतो.

दुसरी गोष्ट माइकची. तलतचा आवाज माइक नसता तर गायक म्हणून जगलाच नसता. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या पिढीनंतरचा तो माणूस, त्याचा आवाज हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलतो. 'सुजाता' (1959) मध्ये 'जलते हैं जिसके लिए' सुनील दत्त टेलिफोनवर गातो. संगीतकार सचिनदेव बर्मन, म्हणजे सचिनदांनी, त्या प्रसंगाला दुसरा गळा घेतला असता का? फोनवर कुणी ओरडतं का? 'फुटपाथ' मधलं (1953) 'शाम-ए-ग़म की क़सम' घ्या. संगीतकार खय्यामनी त्यात तबला-ढोलक ठेवलेच नाहीत. ठेका नसला की गायकाला लपायला जागा राहत नाही, प्रत्येक शब्द उघडा पडतो. ते गाणं तलतशिवाय कुणाला पेललं असतं असं मला वाटत नाही.

1950 ते 1953 ही चार वर्षं बघा. 'आरज़ू', 'बाबुल', 'तराना', 'दाग', 'संगदिल', 'फुटपाथ'. सहाही चित्रपट दिलीपकुमारचे आणि सहांतही तलत. संगीतकार पाच वेगळे: अनिल विश्वास (दोनदा), नौशाद, शंकर-जयकिशन, सज्जाद, खय्याम. एका नटाची हळू बोलण्याची पद्धत आणि एका गायकाची हळू गाण्याची पद्धत जुळली होती. 1954 च्या 'टॅक्सी ड्रायव्हर' मधल्या 'जाएँ तो जाएँ कहाँ' ला सचिनदेव बर्मनना फिल्मफेअर मिळालं. त्याच वर्षी 'मिर्ज़ा ग़ालिब' आला, सुरैयाबरोबर 'दिल-ए-नादाँ', संगीत गुलाम मोहम्मद यांचं. लखनौ रेडिओवरचा पोरगा गझल घेऊन थेट ग़ालिबपर्यंत पोचला होता.

मग मागे का पडला? नौशादसमोर सिगारेट ओढली म्हणून, हा किस्सा तुम्हाला कुणीतरी सांगितलाच असेल. कराओकेच्या मध्यंतरात चहाबरोबर तो हमखास येतो. मला तो कारण म्हणून कधीच पटला नाही. एका संगीतकाराची नाराजी एवढ्या मोठ्या गायकाला संपवत नाही.

अभिनय हे एक कारण धरता येतं. दिसायला देखणा, त्यामुळे 'दिल-ए-नादान', 'वारिस', 'एक गाँव की कहानी', 'सोने की चिड़िया' असे चित्रपट त्याने नायक म्हणून केले. ऐन बहरातला वेळ तिकडे गेला. पण खरी गोष्ट शिंप्यांची आहे. तलतचा आवाज रेडीमेड कपड्यात बसणारा नव्हता, माप घेऊन शिवणारे लागायचे. अनिल विश्वास, गुलाम मोहम्मद, सज्जाद हे ते शिंपी. साठनंतर अनिलदा सिनेमा सोडून दिल्लीला आकाशवाणीत गेले. गुलाम मोहम्मदना कामं मिळेनाशी झाली, 1968 मध्ये ते वारले. सज्जादनी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच चित्रपट केले. आणि तिकडे 'जंगली' आला 1961 मध्ये, रंगीत, काश्मीर, बर्फ, आरोळी. डोंगरावरून उडी मारणाऱ्या नायकाला कडेला कापणारा आवाज कसा चालावा?

तरी ज्यांना माप घेता येत होतं त्यांनी शिवलंच. सलील चौधरींनी 'छाया' मध्ये (1961) मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतली सुरावट घेऊन 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' केलं, लताबरोबर. मदनमोहननी 'जहाँआरा' साठी (1964) तलतला बोलावलं. तुमचं 'फिर वही शाम' तिथलंच. चित्रपट चालला नाही, गाणी साठ वर्षं चालताहेत.

त्यानंतर तलतने जे केलं ते फारसं सांगितलं जात नाही. त्याने कार्यक्रम केले, भरपूर, परदेशांत. 1956 मध्येच तो पूर्व आफ्रिकेला जाऊन आला होता, तेव्हा पार्श्वगायक असे दौरे करत नसत. नंतर वेस्ट इंडीज, इंग्लंड. सिनेमाने सोडलं तरी तो घरी बसला नाही, मूळच्या कामावर परत गेला, चार माणसांसमोर गझल म्हणणं. सत्तरच्या दशकात गझल सिनेमाबाहेर पुन्हा उभी राहिली, कॅसेटी खपायला लागल्या, पण तोवर ते घर नव्या लोकांचं झालं होतं. 1992 मध्ये पद्मभूषण, 9 मे 1998 ला मुंबईत निधन. सुमारे 750 गाणी. रफी-लताच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे.

तुमच्या 'फिर वही शाम' कडे येतो. कंपाचं बाजूला ठेवा, गुण दुसरीकडे गेले असण्याची शक्यता जास्त. आपण मराठी माणसं गझलेत कुठे आपटतो ते एकतीस वर्षं ऐकतोय. 'फिर' मध्ये नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, नाही. तो साधा 'फ' आहे, 'फळ' मधला, ओठ मिटून सोडायचा. हल्ली सगळे दात ओठावर ठेवून इंग्रजी एफसारखं 'फ़िर' म्हणतात, उर्दू वाटावं म्हणून. पहिल्याच अक्षराला आपटी. जाणकाराचं पेन तिथेच चालतं. उलट 'ग़म' चा ग घशातून यायला हवा, तो आपण 'गमबूट' मधला म्हणतो. आणि ज़! आपण 'गझल' लिहितो 'झ' ने आणि म्हणतोही 'झरा' सारखं. ज़ ला महाप्राण नाही. 'जरा', 'जहाज' म्हणताना मराठी तोंडात जो दंततालव्य ज येतो, त्याच्या खूप जवळ ज़ आहे, फक्त जीभ दाताला चिकटू द्यायची नाही, मधून हवा जाऊ द्यायची. आणि 'शाम-ए-ग़म' हे तीन शब्द नव्हेत. 'शामेग़म', तो ए आखूड. त्यावर मुक्काम करायचा नाही.

आता पट्टी. कराओकेचा ट्रॅक मूळ पट्टीत येतो आणि तुम्ही मुकाट त्यात गाता. ती तलतची पट्टी, तुमची कशावरून? अर्धा सूर, एक सूर खाली आणून बघा, ॲपवर मिनिटभराचं काम आहे. वरच्या स्वराला ओढाताण झाली की कंप येणारच, मग तो दमसासाचाही नसतो आणि नशिबाचाही नसतो, नुसता पट्टीचा असतो. साउंडवाल्याला एको निम्म्यावर आणायला सांगा. एकोत प्रत्येक थरथर दोनदा ऐकू येते, स्पर्धेत हे फार घात करतं. आणि माइक तोंडापासून चार बोटं. त्याहून जवळ गेलात की आवाज उगाच जाड होतो, तलतच्या गाण्यात जाडी म्हणजे खून.

शिवाय रियाजाला हिंदीच कशाला? तलत मराठीतही गायलाय. 'पुत्र व्हावा ऐसा' मधलं 'यश हे अमृत झाले', आणि 'मोलकरीण' मधलं आशाबरोबरचं 'हसले आधी कुणी'. दोन्हीचे शब्द पी. सावळारामांचे, चाल वसंत प्रभूंची. सावळाराम म्हणजे आमच्या ठाण्याचे एके काळचे नगराध्यक्ष! लखनौच्या गळ्यात मराठी शब्द घालणारा माणूस याच गावचा कारभारही बघत होता, हे गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर चहा पिणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. 'हसले आधी कुणी' आधी बसवा. लय हलकी आहे, वाक्यं छोटी आहेत, श्वासाला जागा आहे, आणि ग़-ज़ ची भानगड नाही. कंप कुठला आहे ते त्यात चटकन कळेल.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचनंतर माझा वर्ग रिकामा असतो. ऐरोलीहून ठाणे लोकलने दोन स्टेशनं, पुढे पायी. या एकदा. ट्रॅक आणू नका, मोबाइल खिशातच राहू द्या. तुमच्या पट्टीत तानपुरा लावून ठेवतो, फक्त षड्ज म्हणा, मी ऐकतो.